७६ टक्के पेशी मेल्या, पण कुठे?

द्राक्षांचा हंगाम आला की नाशिकच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मेसेज पुन्हा फिरू लागतो. मजकूर थोडाफार बदलतो, गाभा तोच: ‘द्राक्षाच्या बियांच्या अर्काने ४८ तासांत कॅन्सर संपतो. अमेरिकेत सिद्ध झालंय, ७६ टक्के पेशी मेल्या. केमोपेक्षा भारी, साइड इफेक्ट शून्य. कंपन्यांनी दाबून ठेवलंय. औषध आपल्या नाशिकच्या मातीतच आहे, द्राक्षं बियांसकट चावून खा.’ ओळीओळीने बघू.

‘७६ टक्के पेशी मेल्या.’ हा आकडा खरा आहे. २००९ साली केंटकी विद्यापीठातल्या संशोधकांनी तो प्रसिद्ध केला, तोही ४८ नव्हे तर २४ तासांचा. पण त्या पेशी कुठल्या रुग्णाच्या अंगात नव्हत्या. ‘जुरकॅट’ नावाच्या त्या पेशी १९७०च्या दशकात ल्युकेमिया म्हणजे रक्ताचा कॅन्सर झालेल्या एका १४ वर्षांच्या मुलाच्या रक्तातून घेतल्या गेल्या आणि तेव्हापासून जगभरच्या प्रयोगशाळांत वाढवल्या जातात. त्यांच्यावर बाजारात मिळणारा अर्क थेट घातला, आणि सर्वांत जास्त मात्रेला हा आकडा मिळाला. प्लेटमधल्या पेशी फिनाईलनेही मरतात. अर्थात या प्रयोगाचं मोल तेवढ्याने कमी होत नाही, कारण पेशी कोणत्या मार्गाने मरतात हे त्यात शोधलं होतं. पण यावरून उपचार सुचवण्याची वेळ अजून आलेली नाही, हे त्या संशोधकांनीच सांगितलं होतं. ते वाक्य फॉरवर्ड होताना गळलं.

प्लेट आणि शरीर यांच्यामध्ये आतडं आणि यकृत आहे. बियांतला मुख्य ऐवज म्हणजे प्रोअँथोसायनिडिन, कॅटेचिनचे रेणू एकमेकांना जोडून झालेल्या साखळ्या. लांब साखळ्या आतड्यातून रक्तात जवळजवळ जातच नाहीत, मोठ्या आतड्यातले जीवाणू त्यांचे तुकडे करतात. सुटं कॅटेचिन शोषलं जातं, पण आतडं आणि यकृत त्याचं रूप बदलून टाकतात. म्हणजे रक्तात पोहोचतात ते रेणू बहुतांशी वेगळे, आणि त्यांचं प्रमाणही प्लेटमधल्यापेक्षा फारच कमी.

‘द्राक्षं बियांसकट चावून खा.’ हे वाक्य लिहिणाऱ्याने निफाड-दिंडोरीची बाग लांबूनही पाहिली नसावी. आपल्याकडे खाण्यासाठी पिकतात ती थॉमसन सीडलेस, सोनाका, शरद सीडलेस. चावायला बी आणायची कुठून? बिया असतात वाइनच्या द्राक्षांत, आणि वाइनरीत रस काढल्यावर त्या चोथ्यात जातात. त्यांतून अर्क काढायचा तर आधी तेल वेगळं करतात, मग पाणी आणि अल्कोहोल किंवा अॅसिटोनच्या मिश्रणात पॉलिफेनॉल (प्रोअँथोसायनिडिन ज्यात मोडतात तो रसायनांचा गट) उतरवतात, शुद्ध करतात, वाळवतात. बी चघळून हे होत नाही. याच मेसेजच्या जोरावर बियांचं तेलही खपतं, त्याची तर गंमतच. दाबून काढलेल्या तेलात मुख्यतः लिनोलिक आम्ल येतं, प्रोअँथोसायनिडिन मागे पेंडीत राहतात. ज्याचं नाव घेऊन बाटली विकली, ते बाटलीत जवळपास नसतंच.

‘शुद्ध अर्क, ९५ टक्के पॉलिफेनॉल.’ मेसेजखालच्या जाहिरातीतली ही ओळ. इथे मात्र नाशिककरांनी हटून बसायला हवं. २०१० साली क्लोरमेक्वाट या वेलीची वाढ रोखणाऱ्या रसायनाचे अंश सापडले म्हणून युरोपने आपली द्राक्षं अडवली, तेव्हापासून रेसिड्यू (उरलेला अंश), एमआरएल (त्या अंशाची कमाल मर्यादा), सॅम्पल हे शब्द बांधावर बोलले जातात. निर्यातीचा माल रिपोर्टशिवाय हलत नाही. मग अर्काच्या डबीला रिपोर्ट का मागायचा नाही? आणि टक्केवारी काढली कशाने, हेही विचारायचं. बहुतेकदा ती एकूण पॉलिफेनॉल मोजणाऱ्या फोलिन-सिओकाल्टो चाचणीची असते. त्यात चाचणीचं रसायन निळं होतं, पण ते क जीवनसत्त्वानेही होतं. अँटिऑक्सिडंट क्षमता मोजणाऱ्या डीपीपीएच चाचणीत जांभळा रंग उडून पिवळा होतो, तो द्राक्षबीसारखाच चहानेही उडतो. अर्क कशाचा, हे यांपैकी एकही चाचणी सांगत नाही.

परदेशातल्या तपासण्यांत द्राक्षबीच्या नावाखाली शेंगदाण्याच्या सालीचा अर्क सापडलेला आहे. पॉलिफेनॉल भरपूर, रंग तसाच, किंमत कमी. दोहोंतला फरक कळतो तो एचपीएलसी (मिश्रणातले घटक वेगळे करणारं तंत्र) आणि मास स्पेक्ट्रोमेट्री (रेणूंचा भार मोजणारं तंत्र) यांवर: द्राक्षबीत कॅटेचिनच्या दोन रेणूंची प्रामुख्याने ‘B’ प्रकारची जोडी असते, रेणुभार ५७८, तर शेंगदाण्याच्या सालीत ‘A’ प्रकारची, ५७६. दोन हायड्रोजनचा फरक, पण शेंगदाण्याची अॅलर्जी असलेल्या माणसासाठी जीवघेणा ठरू शकतो.

‘केमोपेक्षा वनस्पती भारी.’ मला सगळ्यात जास्त खटकते ती ही ओळ, कारण केमोतली कितीतरी औषधं वनस्पतींचीच आहेत. ल्युकेमियाच्या मुलांना दिलं जाणारं व्हिन्क्रिस्टीन सदाफुलीतून आलं, तीच जी आपल्या कुंडीत फुलते. पॅक्लिटॅक्सेल यू झाडाच्या सालीतून. सह्याद्रीत नरक्या म्हणतात त्या झाडात कॅम्प्टोथेसिन असतं, त्यापासून टोपोटेकान आणि इरिनोटेकान बनतात. म्हणून सदाफुलीची पानं उकळून प्यायची नाहीत. व्हिन्क्रिस्टीन शिरेतून देतात, आणि प्रौढालाही एका वेळी साधारण २ मिलिग्रॅमच्या वर देत नाहीत. त्यापुढे मज्जातंतूंना इजा होण्याचा धोका वाढतो. पानात ते किती उतरलंय, हे काढ्याच्या रंगावरून कुणाला कळणार?

‘कंपन्यांनी दाबून ठेवलंय.’ ज्याचा आकडा तुमच्या मोबाइलवर आला, ते दाबलेलं कसं?

माणसांवर प्रयोग झालेच नाहीत असंही नाही. २००६ साली एक निकाल प्रसिद्ध झाला. रेडिएशननंतर स्तनाचा भाग कडक झालेल्या ६६ स्त्रियांपैकी काहींना द्राक्षबीचा अर्क, काहींना औषध नसलेली नुसती गोळी सहा महिने दिली. फरक पडला नाही. रक्तदाब थोडा उतरतो असं काही चाचण्यांत दिसलंय, त्यावर काम जरूर व्हावं. चोथ्याला भाव मिळाला तर वाइनरीवाल्यांनाही हवंच आहे.

राहिलं ‘साइड इफेक्ट शून्य’ आणि त्याचं शेपूट, ‘करून बघायला काय जातं?’ रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर या अर्काने रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो, आणि ल्युकेमियाच्या रुग्णाच्या प्लेटलेट्स आधीच खालावलेल्या असतात. तीव्र ल्युकेमिया काही आठवड्यांत हाताबाहेर जातो, ‘आधी महिनाभर अर्क, मग बघू’ हे त्यात बसत नाही. लहान मुलांच्या तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियात तर प्रगत देशांत आज दहापैकी सुमारे नऊ मुलं बरी होतात, याच केमोने. घरात डबी आलीच असेल, तर ती लपवू नका. पुढच्या तपासणीला फाइलसोबत न्या आणि कधीपासून, किती घेतलं ते डॉक्टरांना सांगा.