इंदूरच्या वर्गात समुद्र शिकवायचा तर सुरुवात नळापासून करा

इंदूरच्या शाळांनी ‘समुद्र वाचवा’ पोस्टर स्पर्धा आता बंद कराव्यात, असं माझं मत आहे. चित्रकलेच्या सरांनी रागावू नये. दरवर्षी तीच चित्रं येतात. निळं पाणी, नाकात स्ट्रॉ अडकलेलं कासव, डोळ्यांतून अश्रू गाळणारी पृथ्वी आणि वर लाल अक्षरांत घोषणा. मग तीन बक्षिसं, पाहुण्यांबरोबर फोटो, आणि मागे टांगलेला फ्लेक्सचा बॅनर दुसऱ्या दिवशी स्टोअररूममध्ये. (१ जुलै २०२२ पासून शंभर मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी बॅनरवर देशभर बंदी आहे. शाळेच्या बॅनरची जाडी कोण मोजतंय!)

मी भूगोल शिकवते. समुद्राच्या प्रदूषणाशी इंदूरच्या मुलांचा काय संबंध, असं मी म्हणत नाहीये. संबंध आहे, आणि नेमका तोच पोस्टरमध्ये कधी येत नाही. आपल्याकडच्या मराठी घरांत समुद्र म्हणजे दिवाळीच्या सुट्टीतलं गणपतीपुळे, नाहीतर मुंबईच्या मावशीकडे गेल्यावर दाखवलेली चौपाटी. मुलं कासव बघून हळहळतात, मुंबईकरांनी कचरा करू नये असा निकाल देतात आणि मधल्या सुट्टीत चिप्सचं पाकीट फोडतात. त्यांची चूक नाही. ती दोन चित्रं आपण कधी जोडूनच दाखवली नाहीत.

म्हणून सुरुवात नळापासून. इंदूरच्या नळाला १९७८ पासून नर्मदेचं पाणी येतं. मंडलेश्वरजवळच्या जलूदहून सत्तर किलोमीटर, विंध्याचा चढ पंपांनी चढवून. नर्मदा पश्चिमेला वाहते, भरूचच्या पुढे खंभातच्या आखातात, म्हणजे अरबी समुद्रात जाते. आता तेच पाणी भांडी-कपडे होऊन मोरीतून बाहेर पडलं की कुठे जातं? नाल्यातून कान्ह नदीत (जुनी माणसं अजून खान नदीच म्हणतात), कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांजवळून उत्तरेला, उज्जैनच्या त्रिवेणीवर क्षिप्रेत. क्षिप्रा चंबळेत, चंबळ इटावा जिल्ह्यात यमुनेत, यमुना प्रयागला गंगेत, आणि गंगा बंगालच्या उपसागरात. आता बरंचसं सांडपाणी शुद्धीकरण केंद्रांतून जातं हे खरं, पण वाट तीच. म्हणजे अरबी समुद्राकडे निघालेलं पाणी आपण मध्येच उचलतो, वापरतो आणि बंगालच्या उपसागराकडे रवाना करतो. दोन समुद्रांशी एकाच वेळी व्यवहार असलेलं शहर आपलं, आणि आपण मुलांना सांगतो की समुद्र लांब आहे.

ही वाट मुलांकडून नकाशावर बोटाने फिरवून घ्या. मागच्या बाकावरची मुलंसुद्धा पुढे येतात. मग पाताळपाणी विचारा, तिथे सहलीला सगळेच गेलेले असतात. पाताळपाणीचा धबधबा चोरल नदीवर आहे आणि चोरल नर्मदेला मिळते. म्हणजे सहलीत तिथे उडवलेल्या पाकिटाची वाट अरबी समुद्राची, आणि तेच पाकीट राजवाड्यामागे नाल्यात टाकलं तर बंगालच्या उपसागराची. महूजवळचं जानापाव तर जलविभाजकाचा चालता-बोलता धडा आहे. एका अंगाने चंबळ आणि गंभीर उत्तरेला जातात, दुसऱ्या अंगाने चोरल आणि कारम दक्षिणेला नर्मदेकडे. परशुरामाचं जन्मस्थान म्हणून आपण तिथे जातो, दर्शन घेतो, कचोऱ्या खातो आणि परत येतो. पाणी कुठे जातं हे कुणी विचारत नाही.

इथे हुशार मुलगा किंवा मुलगी एक प्रश्न विचारतेच: “मॅडम, कृष्णपुऱ्याला टाकलेली पन्नी (प्लास्टिकची पिशवी) खरंच बंगालपर्यंत जाणार का?” या प्रश्नाला खोटं उत्तर देऊ नका. बहुधा नाही जाणार. वाटेत चंबळेवरची धरणं आहेत: गांधीसागर, राणा प्रताप सागर, जवाहर सागर, कोटा बॅरेज. बरीचशी पन्नी कुठेतरी बाभळीला लटकेल, गाळात बसेल किंवा गाईच्या पोटात जाईल. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जमिनीवरून समुद्रात वर्षाला ४८ लाख ते १ कोटी २७ लाख टन प्लास्टिक जातं असा अंदाज होता. हा आकडा सगळी भाषणं वापरतात. पण त्यात किनाऱ्यापासून ५० किलोमीटरच्या आत राहणाऱ्या लोकांचाच कचरा धरला होता, म्हणजे इंदूर त्या हिशेबात नाहीच. २०२१ च्या अभ्यासानेही दाखवलं की नद्यांतून येणाऱ्या प्लास्टिकपैकी ८० टक्के प्लास्टिक हजाराहून जास्त नद्या आणतात, आणि त्यांत किनाऱ्याजवळच्या शहरांतल्या छोट्या नद्या पुढे आहेत.

मग इतका खटाटोप कशाला? कारण खरं उत्तर इथूनच सुरू होतं. अडकलेली पन्नी उन्हाने ठिसूळ होते, तुकडे होतात, तुकड्यांचे कण होतात, आणि धरणाचे दरवाजे उघडले की पुराच्या पाण्याबरोबर ते कण पुढे सरकतात. पॉलिएस्टरच्या शर्टातून धुताना सुटलेले धागे तर दिसतही नाहीत. माळव्याच्या शेतातलं खत पाण्यात विरघळून जातं, त्याला धरण पूर्णपणे अडवत नाही. आणि वाटेवर चंबळेत घडियाल (सुसरी) आहेत, गंगेतले डॉल्फिन आहेत. समुद्रातल्या कासवापेक्षा ते आपल्या कितीतरी जवळचे, पण पोस्टरमध्ये त्यांना जागा नाही.

वर्गात करायचा प्रयोग सांगते. खर्च जवळजवळ शून्य. पाण्याच्या रिकाम्या बाटलीचे कात्रीने तुकडे करा, झाकण वेगळं ठेवा. पन्नीचा तुकडा, थर्मोकोलचा दाणा, नायलॉनच्या मांजाचा तुकडा घ्या (संक्रांतीनंतर झाडांवर भरपूर मिळतो). आधी मुलांकडून अंदाज लिहून घ्या, मग सगळं बादलीत बुडवून ओलं करून सोडा. झाकण तरंगतं, बाटली बुडते! एकाच वस्तूचे दोन भाग, दोन प्लास्टिकं, दोन नशिबं. मांजा तळाला जातो, पन्नी वर येते. मग लिटरला ३५ ग्रॅम या हिशेबाने मीठ घाला, म्हणजे साधारण समुद्राचं पाणी तयार. बाटली तरीही बुडते. आता विचारा, समुद्रावर तरंगणारा कचरा यंत्राने गोळा केला तर समुद्र साफ झाला का? सातवीची मुलं स्वतःहून सांगतात की तळाचं कोण काढणार.

झाकण नुसत्या पाण्यात न ठेवता तलावाच्या पाण्यात काही आठवडे ठेवलं तर त्यावर बुळबुळीत थर चढतो. समुद्रातही तेच होतं. जड झालं की तरंगणारंही बुडतं, आणि त्या थराला अन्नाचा वास येतो. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात समुद्री कासवांनी अशा जुन्या प्लास्टिकच्या वासाला खाण्याच्या वासासारखाच प्रतिसाद दिला. कासव मूर्ख नसतं, फसतं. पिशवी जेलीफिशसारखी दिसते एवढंच आपण शिकवत आलो, वासाची गोष्ट त्याहून मोठी आहे.

आणि स्ट्रॉचा नाद आता पुरे. पॅसिफिकमधल्या प्रसिद्ध कचऱ्याच्या पट्ट्याचं २०१८ मध्ये मोजमाप झालं: सोळा लाख चौरस किलोमीटर, सुमारे ७९ हजार टन प्लास्टिक, आणि वजनाच्या ४६ टक्के मासेमारीची जाळी. (मुलांना वाटतं ते चालता येईल असं बेट आहे. तसं काही नाही, कचरा पसरलेला आणि विरळ असतो. इंटरनेटवरचे बरेचसे फोटो बंदरांतले असतात.) आपण मुलाला स्ट्रॉ सोडायला लावतो आणि जाळ्यांबद्दल अवाक्षर काढत नाही. तरी मच्छीमारांना खलनायक करू नका. जाळं फाटलं तर नुकसान त्यांचंच. महाराष्ट्राने २०१८ मध्ये योजना आणली की अडकलेल्या संरक्षित कासवाला किंवा डॉल्फिनला सोडवायला जाळं कापावं लागलं तर भरपाई मिळेल, २५ हजारांपर्यंत. केरळात कोल्लमच्या मच्छीमारांनी २०१७ पासून जाळ्यात आलेलं प्लास्टिक परत समुद्रात न फेकता किनाऱ्यावर आणायला सुरुवात केली. या गोष्टी आपल्या मुलांना माहीत असाव्यात.

सांवेर रोडच्या कारखान्यांत ज्यांचे वडील-काका काम करतात त्या मुलांना ‘दाणा’ माहीत असतो, म्हणजे प्लास्टिकचे बारीक गोळे, ज्यांच्यापासून बादल्या-डबे बनतात. मे २०२१ मध्ये कोलंबोजवळ एक्स-प्रेस पर्ल जहाज पेटलं आणि सुमारे १,६८० टन दाणा समुद्रात गेला. मे २०२५ मध्ये केरळजवळ एमएससी एल्सा-३ बुडालं, आणि दाणा किनाऱ्यावर आला. हे सांगितलं की एरवी गप्प बसणारा मुलगा वर्गाला दाणा कसा वितळवतात ते समजावून सांगतो. तो तास माझ्यापेक्षा त्याचा जास्त चांगला होतो.

आता थोडं कडू. आपलं शहर २०१७ पासून स्वच्छतेत सतत पहिलं, आणि मला त्याचा अभिमान आहे. ओला-सुका कचरा वेगळा करणारी आजी माझ्या गल्लीत आहे आणि गाडीवाल्या दादाशी रोज भांडते. पण या यशातून मुलं एक गोष्ट शिकली आहेत: गाडीत टाकलं की विषय संपला. संपत नाही. पाण्याच्या बाटलीला कबाडी पैसे देतो, चिप्सच्या चकचकीत पाकिटाला देत नाही, कारण त्यात प्लास्टिक आणि धातूचे थर चिकटलेले असतात आणि ते सोडवणं परवडत नाही. हे पाकीट असं का बनवतात, आणि बनवणाऱ्यावर जबाबदारी किती, हा आठवी-नववीचा प्रश्न आहे. जगभरचे देश प्लास्टिकवर करार करायचं २०२२ मध्ये नैरोबीत ठरवून बसले, डिसेंबर २०२४ मध्ये बुसानला अडले, ऑगस्ट २०२५ मध्ये जिनिव्हालाही अडले. का अडले यावर वर्गात वादविवाद घ्या. पोस्टरपेक्षा मुलं जास्त घाम गाळतील. नाहीतर आपण त्यांना एवढंच शिकवतो की सगळा दोष खाणाऱ्याचा.

अभ्यासक्रमात बसत नाही, असं सहशिक्षक म्हणतील. नद्या आहेत, घनता आहे, पदार्थांचे गुणधर्म आहेत, तिन्ही बसतात. ८ जूनचा जागतिक महासागर दिन आपल्या उन्हाळी सुट्टीत जातो, तो सोडा. सप्टेंबरचा तिसरा शनिवार किनारा स्वच्छतेचा म्हणून जगभर पाळतात, तो धरा. पावसाळा सरत आलेला असतो, नाल्यात पाणी असतं, पुलावरून काय वाहतंय त्याची नोंद करता येते. मुलांना नाल्यात उतरवू नका, कठड्यापासून लांबच उभं करा. शाळेच्या आवारातला कचरा गोळा करून कुठली वस्तू किती, हे वहीत लिहायला लावा. आणि हातमोजे शाळेनेच आणावेत. घरून आणायला सांगितलं तर निम्मी मुलं हाताला पन्नी बांधून येतील.