गर्मी म्हणून लगेच कूलंट बदलायचं?
लेखात लिहिलंय की खान्देशात ऊन जास्त म्हणून हायब्रिडचं (पेट्रोल इंजिन आणि बॅटरीची मोटर दोन्ही असलेल्या गाडीचं) कूलंट, म्हणजे गाडीचे भाग गार ठेवणारं द्रव, दर ४० हजार किमीला बदला, हे काही पटलं नाही भाऊ. भुसावळला मे मध्ये पारा ४५ च्या वर जातो हे खरं, पण कूलंट बाहेरच्या उन्हाने खराब होत नाही, त्यातलं गंज रोखणारं केमिकल हळूहळू संपतं म्हणून ते बदलायचं असतं. टोयोटाच्या प्रियस या हायब्रिडच्या अमेरिकी मॅन्युअलमध्ये इंजिनचं कूलंट पहिल्यांदा १,६०,००० किमीला आणि इन्व्हर्टरचं (बॅटरीची वीज मोटरला लागेल तशी बदलून देणारा भाग) २,४०,००० ला, नंतर दोन्ही दर ८०,००० ला. आपल्या गाडीचं आपल्या मॅन्युअलमध्ये पाहावं, गॅरेजवाला म्हणतो म्हणून नाही.

आणि मेन गोष्ट लेखात आलीच नाही, इन्व्हर्टरच्या कूलंटची टाकी वेगळी असते, बरेच जण एकच चेक करतात. लेव्हल सारखी उतरत असेल किंवा गढूळ, तांबूस गाळ दिसला तर किमी बघत बसू नका, आधी लीक शोधा. बोअरचं पाणी तर अजिबात टाकू नका, आपल्याकडच्या पाण्यात क्षार किती ते गीझर उघडून बघा. कन्नड घाट चढून आल्यावर गरम गाडीच्या कूलंटचं झाकण उघडणारे पण पाहिलेत, त्यांना काय बोलायचं!

बाकी टोयोटाच्या बऱ्याच हायब्रिडमध्ये बॅटरी हवेने गार होते, ती हवा आत घेणाऱ्या सीटजवळच्या जाळीतली धूळ साफ करा.