निवृत्ती त्याची, निवड त्यांची

रोहित शर्माने आता थांबावं की 2027 चा विश्वचषक खेळावा, यावर आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रणधुमाळी चालते. ऑक्टोबर 2025 मध्ये वनडेचं कर्णधारपद शुभमन गिलकडे गेलं तेव्हा तर काका-मामा सगळेच पेटले. सात महिन्यांपूर्वी चॅम्पियन्स ट्रॉफी जिंकून देणाऱ्याचा हा अपमान आहे, असं एका गटाचं म्हणणं. दुसरा गट म्हणे, त्याने स्वतःहून मानाने बाजूला व्हायला हवं होतं. मला दोन्ही पटत नाही. मी राहते बॉस्टनजवळ, आणि इथे अमेरिकन फुटबॉलपटू टॉम ब्रेडीची कारकीर्द सगळ्यांना तोंडपाठ आहे.

अमेरिकन फुटबॉलमध्ये आक्रमणाचा जवळजवळ प्रत्येक डाव क्वार्टरबॅकच्या हातातून सुरू होतो. सव्वाशे किलोचे गडी अंगावर धावून येत असताना पास कुणाला द्यायचा, हे त्याने दोन-तीन सेकंदांत ठरवायचं. अशा जागेसाठी 2000 मध्ये, संघ नवे खेळाडू आळीपाळीने निवडतात तेव्हा, ब्रेडीची निवड झाली तीही 199 व्या क्रमांकावर. त्याला घेणाऱ्या न्यू इंग्लंड पेट्रियट्स या इथल्या संघाचा हुकमी क्वार्टरबॅक होता ड्रू ब्लेडसो, आणि मार्च 2001 मध्येच संघाने त्याच्याशी दहा वर्षांचा करार केला होता. सप्टेंबरमध्ये मैदानाच्या कडेला ब्लेडसोला अशी धडक बसली की छातीत रक्तस्राव झाला. त्याच्या जागी ब्रेडी उतरला.

ब्लेडसो बरा होऊन परतला, पण प्रशिक्षक बिल बेलिचिक यांनी त्याला जागा परत दिली नाही. पुढे जानेवारीत पिट्सबर्गला उपांत्य सामन्यात ब्रेडीचा घोटा दुखावला आणि ब्लेडसोला पुन्हा उतरवलं गेलं. थोड्याच वेळात कडेला तशीच धडक बसली. तो उठला, लगेच पुढे खेळत राहिला आणि टचडाऊनचा, म्हणजे थेट गुण मिळवून देणारा, पास देऊन संघाला अंतिम फेरीत घेऊन गेला. तरीही आठवड्याभराने तो अंतिम सामना, म्हणजे सुपर बोल, खेळला तो ब्रेडी, आणि जिंकलाही. ब्लेडसोला त्याच वर्षी बफेलोच्या संघाकडे पाठवलं गेलं. मला आजही ब्लेडसोसाठी वाईट वाटतं. पण निर्णय घेणाऱ्याने तो स्वतःच्या नावावर घेतला होता, ब्लेडसोने 'समजून' बाजूला व्हावं अशी वाट पाहिली नव्हती.

वीस हंगाम आणि सहा विजेतेपदांनंतर तोच हिशेब ब्रेडीच्या वाट्याला आला. बेचाळिशीतल्या खेळाडूशी लांबचा करार करायला पेट्रियट्स तयार नव्हते. तो टँपा बेच्या संघात गेला आणि फेब्रुवारी 2021 मध्ये, 43 व्या वर्षी, सातवा सुपर बोल जिंकला. 2022 मध्ये निवृत्त झाला, चाळीस दिवसांत परतला, आणि त्या हंगामात संघ जिंकला त्यापेक्षा जास्त सामने हरला. मग 2023 मध्ये कायमचा थांबला. त्या शेवटच्या वर्षाने त्याचं नाव खराब झालं, असं मी इथे कुणाकडून ऐकलेलं नाही. 2025 मध्ये पेट्रियट्सच्याच स्टेडियमबाहेर त्याचा ब्राँझचा पुतळा उभा राहिला.

अर्थात ब्रेडीपुढे 32 संघ होते. रोहितला भारताचा संघ एकच, म्हणून त्याला वगळलं तर घाव जास्त खोल जाणार, हे मान्य. पण आपण फार काळ हा सगळा भार खेळाडूवरच टाकत आलोय. लोक 'का?' विचारतात तेव्हाच निवृत्त व्हावं, 'का नाही?' विचारेपर्यंत थांबू नये, हे विजय मर्चंट यांच्या नावावर सांगितलं जाणारं वाक्य आपल्या घरांत वर्षानुवर्षं ऐकवलं जातं. मर्चंट 1951 मध्ये चाळिशीत दिल्लीला 154 धावा करून कसोटीतून थांबले. तो त्यांचा निर्णय होता. त्याचा नियम केला, की निवड समितीचं अवघड काम आयतं खेळाडूच्या गळ्यात पडतं.

गिलला कर्णधार केलं तेव्हा निवड समितीचे अध्यक्ष म्हणून अजित आगरकरांनी पत्रकारांसमोर बसून सांगितलं, की तीन प्रकारांना तीन कर्णधार ठेवणं व्यवहारात जमणारं नाही. निर्णय पटो न पटो, असं समोर येऊन सांगणं मला योग्य वाटतं. रोहितच्या धावा आटल्या तर त्यालाही आधी सांगून, मग जगाला सांगून वगळावं. आणि धावा होत असतील, तर चाळिशीतही त्याला विश्वचषकासाठी दक्षिण आफ्रिकेला न्यावं.