गॅस बंद केला होता का? – एका फॉरवर्डला उत्तर

आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर महिन्याभरात तिसऱ्यांदा आलेला मेसेज थोडक्यात असा: 'ओसीडी हा आजार नाही, अतिस्वच्छतेची सवय आहे. नको तो विचार आला की मनगटावरचं रबर ओढा किंवा जप करून तो घालवा. गोळ्यांच्या नादी लागू नका, जन्मभर सुटत नाहीत. घरच्यांनी सतत धीर द्यावा.' खाली हात जोडलेल्यांची रांग. पहिल्या दोन वेळा मी गप्प बसले.

अतिस्वच्छता? माझ्या घरी या, फडताळावरच्या धुळीत नाव लिहिता येईल. ओसीडी म्हणजे नको तो विचार मनात अडकणं आणि तो शमवायला तीच कृती पुनःपुन्हा करणं. माझा मंत्रचळ (हो, ओसीडीला आपल्याकडे शब्द आहे, फक्त तो चिडवायला वापरतात) गॅस आणि कुलपाचा होता. कुणाला मोजण्याचा असतो. कुणी बाळंतीण बाळाला आपल्याच हातून इजा होईल या धास्तीने सुऱ्या माळ्यावर टाकते, कुणाच्या मनात देवापुढे हात जोडले की शिव्याच येतात. ही माणसं शरमेने बोलत नाहीत, म्हणून बाहेरून दिसतात ते फक्त हात धुणारे. आणि असले विचार बहुतेकांना येतात. रॅकमन आणि डी सिल्वा या मानसशास्त्रज्ञांनी 1978 मध्येच हे दाखवलं होतं. इतरांचा विचार येतो आणि जातो. आमचा अडकतो, कारण आम्ही त्याला पुरावा मानतो: 'असं मनात आलंच कसं?' त्यात दिवसाचा तासाहून जास्त वेळ जायला लागला, कामधाम अडायला लागलं, की डॉक्टर त्याला आजार म्हणतात.

आता ते रबर. मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य हेच, कारण ते पटतं. 1987 मध्ये डॅनियल वेग्नर या मानसशास्त्रज्ञांनी एका प्रयोगात लोकांना सांगितलं, पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका. अस्वल पुनःपुन्हा येत राहिलं. जपाशी माझं भांडण नाही, माझी आजी रोज करायची. पण विचार घालवण्यासाठी केलेला जप हेही कुलूप ओढून बघणंच. क्षणभर सुटल्यासारखं वाटतं, आणि मन शिकतं की धोका खरा होता, जपामुळे टळला. मग एकशेआठात एक मणी चुकला की पहिल्यापासून.

उपचार याच्या नेमका उलटा आहे. 1966 मध्ये लंडनमध्ये व्हिक्टर मेयर या मानसशास्त्रज्ञांनी दोन रुग्णांवर तो करून पाहिला आणि आज त्याला ईआरपी म्हणतात: भीतीसमोर जायचं आणि विधी (पुन्हा तपासणं, धुणं, जप) करायचा नाही. माझा पहिला गृहपाठ होता, गॅसचं बटण एकदाच बंद करायचं, फोटो काढायचा नाही (मोबाईलमध्ये बटणाचे दोनशेवर फोटो होते), कुलूप एकदा लावून कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जायचं. तळहात ओले, पोटात गोळा. उपचार करणाऱ्या मॅडमनी शंभरपैकी भीतीचा आकडा लिहायला सांगितलेला. दुकानाशी पंच्याऐंशी. परत फिरले नाही. पाऊण तासाने चाळीस. भीती आपोआप उतरते हे मला चौतिसाव्या वर्षी कळलं. एका दिवसात झालं नाही, आठवडे लागले, आणि मध्ये दोनदा जिन्यातून परत गेलेही.

गोळ्यांचं लवकर आटपते. फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, फ्लुव्होक्सामिन या गोळ्यांची झोपेच्या काही गोळ्यांसारखी चटक लागत नाही. मात्र त्या एकदम बंद केल्या तर चक्कर, बेचैनी होऊ शकते, म्हणून डॉक्टर हळूहळू कमी करतात. लोक त्यालाच 'सवय' म्हणतात. मंत्रचळाला डोस बऱ्याचदा नैराश्यापेक्षा जास्त लागतो आणि गुण यायला आठ ते बारा आठवडे. पंधराव्या दिवशी 'काही फरक नाही' म्हणून सोडणारे मग हा मेसेज पुढे ढकलतात. डॉक्टर कुठे गाठायचा कळत नसेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या फोनसेवेचा 14416 हा सरकारी नंबर फुकट आहे.

राहिला धीर. आमच्याकडे ते काम नवऱ्याचं. 'बंद केलाय ना?' 'हो गं.' 'नक्की?' 'नक्की.' रात्रीतून वीसदा, बिचारा झोपेतही द्यायचा. मॅडमनी त्याला सांगितलं, हे उत्तर म्हणजे तिच्या आजाराला घातलेला घास आहे. त्या रात्री मी विचारलं तर तो म्हणाला, 'उत्तर द्यायचं नाही असं ठरलंय,' आणि कूस बदलली. दोन दिवस मी त्याच्याशी बोलले नाही.