गुडघ्यांचा प्रवासखर्च

धाकट्या बहिणीच्या मुलाची मुंज न्यू जर्सीत ठरली आणि आमच्या लंडनच्या घरात माझ्या गुडघ्यांचा विषय निघाला. माझी उंची सहा फूट एक इंच. लग्न जमवताना ती कामाला आली. नंतर तिचा उपयोग माळ्यावरचे डबे काढण्यापुरताच उरला. विमानात तर तिच्यामुळे हालच. मागच्या खेपेला पुढच्या गृहस्थांनी खुर्ची मागे टाकली आणि अटलांटिक ओलांडेपर्यंत आठ तास मी त्यांच्या डोक्यावरचा भोवरा पाहत बसलो. त्यांचा चेहरा शेवटपर्यंत दिसला नाही, पण भोवरा आजही ओळखेन.

"या वेळी नीट विचार करून तिकीट काढायचं," मी जाहीर केलं.

ही काही बोलली नाही. शिवणाच्या डब्यातून टेप काढून आणली, मला डायनिंगच्या खुर्चीवर भिंतीला पाठ टेकवून बसवलं आणि माप घेतलं. पाठीपासून गुडघ्याच्या टोकापर्यंत सव्वीस इंच.

"इकॉनॉमीत एकतीस देतात. पाच इंच उरतात की अजून! तक्रार कसली करता?"

मग मला समजावून सांगावं लागलं की हे एकतीस इंच एका खुर्चीच्या पाठीपासून पुढच्या खुर्चीच्या पाठीपर्यंत मोजतात. मधल्या गादीची जाडी, खिसा, त्यात कोंबलेली सूचनापत्रिका, सगळं त्यातच धरलेलं. बिल्डर फ्लॅट विकताना जो आकडा सांगतो, तसला हा आकडा. मला कार्पेट एरिया हवा होता.

प्रीमियम इकॉनॉमीत अडतीस इंच मिळतात. सात इंच जास्त, आणि भाडं जवळजवळ दुप्पट. मी फरकाला सातने भागलं. इंचाचा जो भाव निघाला त्यात चांगलं सुती कापड ताग्याने आलं असतं. वर ब्रिटनमधून उड्डाण केलं की सरकारचा प्रवासी कर आहेच. सगळ्यात स्वस्त वर्गाला त्याचा दर कमी, आणि त्या वर्गातून एक पायरी वर चढलात की दुपटीहून जास्त. गंमत म्हणजे पुढे सपाट पलंगावर आडवा झालेला माणूस आणि सात इंच पाय लांब करणारा मी, दोघांना दर एकच. पाय पसरले की तुम्ही श्रीमंत, असा सरकारचा हिशोब.

पलंगाचाही विचार केला, नाही असं नाही. न्यू यॉर्कला जाताना विमान दिवसाचं असतं, तेव्हा पलंग घेऊन दुपारी लोळायचं की काय? परतताना रात्र असते, पण जेट स्ट्रीमचं वारं पाठीमागून ढकलतं आणि आठ तासांची वाट सातच्या आत-बाहेर उरकते. त्यातला दीडएक तास जेवणात जातो, आणि उतरायच्या तासभर आधी दिवे लावून नाश्ता. राहिले चार तास. चौपट-पाचपट पैसे मोजून चार तासांची झोप! बरं, ज्या वाऱ्याने प्रवास लवकर संपतो तोच माझी झोप खातो. म्हणजे वारा जोरात असला की पलंगाचा तासाचा भाव आणखी वाढणार.

आवाजापेक्षा वेगाने उडणारं कॉनकॉर्ड विमान असतं तर हा प्रश्नच नव्हता. साडेतीन तास कुठलाही गुडघा निभावून नेतो. पण ते 2003 मध्ये बंद पडलं आणि ते परवडण्याइतका मी आजही झालेलो नाही, त्यामुळे त्याचं दुःख करायचा मला फारसा अधिकार नाही. 1977 मध्ये फ्रेडी लेकर यांच्या स्कायट्रेन नावाच्या स्वस्त विमानसेवेने लोक 59 पौंडांत लंडनहून न्यू यॉर्कला जायचे. तेव्हा मी तीन फुटांचा होतो. स्वस्ताईही गेली, मापही गेलं.

मग मला बोटीचं वेड लागलं. साउथहॅम्प्टनहून क्वीन मेरी 2 निघते आणि सात रात्रींत न्यू यॉर्कला पोचवते. पश्चिमेला जाताना वाटेत पाच वेळा घड्याळ तासभर मागे घेतात, म्हणजे पंचवीस तासांचे पाच दिवस. जेट लॅग नाही, पाय पसरायला अख्खं डेक. त्या बोटीवर कुत्र्यांचीसुद्धा राहायची स्वतंत्र सोय आहे. मी अगदी हरखून सांगत होतो.

"रजा किती आहे तुमची?" हिने विचारलं.

"दहा दिवस."

"म्हणजे मुंज लावायची आणि उलट्या पावली निघायचं. ते कशाने?"

विमानाने, म्हणायला मी तोंड उघडलं आणि एकेरी तिकिटाचा भाव बघून मिटलं. जाण्या-येण्याच्या तिकिटापेक्षा नुसतं येण्याचं महाग होतं. हे गणित मी बँकेत नोकरी करूनही कधी सोडवू शकलो नाही.

आइसलंडवरून जाणारं विमान स्वस्त होतं. तीन तास, मग उतरायचं, मग सहा तास. "गुडघ्यांचा त्रास हप्त्यांनी," ही म्हणाली. मधे उतरून गरम पाण्याचे झरे बघावेत असं मनात आलं, पण भारतीय पासपोर्टवर बाहेर पडायला शेंगेन व्हिसा लागतो. त्याच्या फीत आणि फेऱ्यांत हप्ते सव्याज फिटले असते.

या खलात तीन आठवडे गेले आणि इकॉनॉमीचं भाडंही चढलं. घरात दोन दिवस शांतता होती.

शेवटी मला एक शोध लागला. न्यू यॉर्कहून सकाळी निघून संध्याकाळी लंडनला उतरणारी विमानंही असतात! रात्रच नाही, तर पलंग हवा कशाला? दोन्ही वेळा दिवसाचं विमान, साधी इकॉनॉमी, आणि वाचलेल्या पैशांतून जाताना एक्झिटपाशी जास्त जागेची सीट. तिथे बसणाऱ्याला संकटात दार उघडायची तयारी दाखवावी लागते. "घरची बेल वाजली तर उठत नाहीत हे," असं ही तिथल्या हवाई सुंदरीला सांगू नये, एवढीच माझी प्रार्थना होती.

मुंज छान झाली. परतीचं विमान सकाळी आठचं. म्हणजे विमानतळावर पाचला, म्हणजे बहिणीच्या घरून साडेतीनला, म्हणजे उठायचं अडीचला. बहीण रात्रभर जागून डबे भरत होती, मेहुणे गाडीच्या किल्ल्या हातात घेऊन सोफ्यावर बसल्या बसल्या पेंगत होते, आणि बटू तेवढा गाढ झोपला होता.

विमानात बसलो. या खेपेला मधलीच सीट. पुढच्या बाईंनी खुर्ची मागे टाकली. त्यापुढचं मला काही आठवत नाही.

आयर्लंडच्या आसपास हिने कोपराने ढोसून उठवलं. तिचे दोन सिनेमे बघून झाले होते.

"तोंड उघडं टाकून पाच तास झोपलात. पलंगावर अजून वेगळं काय केलं असतं?"

मी उत्तर देणार होतो, पण आधी पाय कुठे आहेत ते शोधावं लागलं.