गोव्यात ‘घरटी एक कार’ नाही

“गोव्यात घरटी कार आहे, पण कोंडी होते ती फक्त पर्यटकांच्या भाड्याच्या गाड्यांमुळे,” असा संदेश सध्या ग्रुपांवर फिरतोय. त्यातली दोन्ही विधानं चुकीची आहेत.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) गोव्यात ४५.२ टक्के कुटुंबांकडे कार आहे. देशात सर्वाधिक, देशाची सरासरी ७.५. म्हणजे निम्म्याहून अधिक घरांत कार नाहीच. ती माणसं कदंबची (सरकारी) नाहीतर खासगी बस धरतात, फारच घाई असली तर पायलटच्या, म्हणजे मोटरसायकल टॅक्सीवाल्याच्या, मागे बसतात.

पर्यटक भाड्याने घेऊन स्वतः चालवतात त्या गाडीच्या काळ्या पाटीवर पिवळे आकडे असतात, लगेच ओळखू येते. डिसेंबरात त्या रस्ता अडवतात, नाकारत नाही. पण जुलैच्या पावसात सकाळी म्हापशाहून पणजीला येताना बसच्या खिडकीतून बघा: पांढऱ्या पाट्यांचीच रांग, आणि बऱ्याच गाड्यांत एकटाच माणूस. (कधीकधी मीही त्यातलाच.)

आमच्या वाड्यावर तर दोन्ही कडेला आमच्याच गाड्या. सिलिंडरचा टेंपो तिठ्यावरच थांबतो, आणि जिच्याकडे कार नाही त्या म्हाताऱ्या शेजारणीला सिलिंडर तिथून घरंगळत न्यावा लागतो.