मालिकेतला भीम पैलवान नव्हता

लातूर-परभणीकडच्या तालमींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक फोटो फिरतोय. ‘महाभारत’ मालिकेतला भीम, आणि खाली ‘कुस्ती सोडून पडद्यावर गेलेला पैलवान’. साफ चूक.

भीम साकारणारे प्रवीणकुमार सोबती थाळीफेक आणि हातोडाफेक करायचे. १९६६ आणि १९७० च्या बँकॉक एशियाडमध्ये थाळीफेकीत सुवर्ण, १९६६ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत हातोडाफेकीत रौप्य. मालिका आली १९८८ मध्ये.

नुसतं धिप्पाड अंग बघून पैलवान ठरवू नका. हातोडा म्हणजे तारेच्या टोकाला गोळा, तारेसकट वजन ७.२६ किलो. २.१३५ मीटरच्या वर्तुळात तीन-चार गिरक्या घ्यायच्या अन् सोडायचा. सोडायला जरा उशीर झाला की गोळा थेट वर्तुळाभोवतीच्या जाळीत. तो जमिनीवर पडायच्या आत पाय वर्तुळाबाहेर गेला, तर फेक बाद. इथं ताकदीइतकाच तोल लागतो.

घोळ बहुधा दारासिंगांमुळे झालाय. ‘रामायण’मधले हनुमान ते, पैलवान खरे, पण कुस्ती सोडून सिनेमात गेले असं त्यांच्याबाबतीतही नाही. साठच्या दशकात आखाडा आणि शूटिंग दोन्ही चालू होतं.

फोटो पुढे पाठवायचाच असेल, तर खाली ‘थाळीफेकपटू’ लिहा.